मनाची तयारी आयत्या वेळी होत नाही

घाटवाट | सोमवार, सकाळी १०:१५

मागे एका धाग्यावर "ध्येय ठरवतो, आठवडाभर जोर असतो, मग सगळं थंड" यावर बरीच चर्चा झाली होती. बहुतेकांचा सूर "आपली इच्छाशक्तीच कमी पडते" असा होता. मला ते पटत नाही. का पटत नाही ते दोन ओळींत मावणारं नव्हतं, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

मी साताऱ्यात धावणाऱ्यांच्या एका गटाला सरावात मदत करते. गटात शाळेतल्या बाई आहेत, बँकेतले आहेत, एक किराणा दुकानदार आहेत, काही निवृत्त मंडळी आहेत. बहुतेकांचं ध्येय एकच: सातारा हिल हाफ मॅरेथॉन पूर्ण करायची. माहीत नसलेल्यांसाठी सांगते, २१.१ किलोमीटरची शर्यत आहे. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला लागायचं आणि त्याच वाटेने खाली यायचं. म्हणजे आधी चढ आणि मग, पाय भरून आलेले असताना, उतार.

चढावर पाय थकतात हे खरंच, पण पायांच्या आधी मन कुरकुरायला लागतं. "पुढच्या वळणापासून चालूया", "काल झोप नीट झाली नव्हती", "यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू". हे विचार सगळ्यांना येतात, अगदी पुढे धावणाऱ्यांनाही. काहींकडे त्या विचारावरचं उत्तर तयार असतं. बाकीच्यांना ते तिथे, दम लागलेला असताना, शोधावं लागतं. आणि दम लागलेल्या माणसाला नवीन काही सुचत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: अडचण कुठे आणि केव्हा येणार ते आधी ओळखा, तिथे काय करायचं ते आधी ठरवा आणि सरावात ते इतक्या वेळा करा, की त्या क्षणी निर्णय घेण्याची वेळच येऊ नये. मनाला वळण लावायचं ते असं. भाषणं ऐकून अंगावर काटा येतो, पण तो घाटाच्या पायथ्यापर्यंतसुद्धा टिकत नाही.

हे नुसतं माझ्या डोक्यातलं नाही. पीटर गॉलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकात यावर मोठं काम केलं. "मला व्यायाम करायचाय" हे झालं ध्येय. "सोमवारी ऑफिसातून घरी आलो, की बूट न काढता तसाच मैदानावर जाईन" ही झाली जर-तरची योजना. दोन्हींत किती फरक पडतो ते पाहा. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला व्यायामाबद्दल विशेष काही सांगितलं नाही. दुसऱ्याला व्यायाम केल्याने हृदयविकाराचा धोका कसा कमी होतो ते पटवून दिलं. तिसऱ्याला तेच पटवलं आणि शिवाय कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार ते लिहून घेतलं. त्या आठवड्यात पहिल्या गटातल्या ३८ टक्के, दुसऱ्यातल्या ३५ टक्के आणि तिसऱ्यातल्या ९१ टक्के मुलांनी व्यायाम केला. महत्त्व पटवून देण्याने काहीच हललं नाही. दिवस, वेळ आणि जागा लिहिल्याने हललं.

आमच्या किराणा दुकानदार काकांचं उदाहरण देते. दुकान रात्री उशिरा बंद होतं, त्यामुळे पहाटे उठणं हीच त्यांची मुख्य अडचण. गजर लावून काही उपयोग होत नव्हता, कारण गजर बंद करून पुन्हा आडवं व्हायला क्षणभरही लागत नाही. त्यांच्याबरोबर बसून आम्ही त्यांची सकाळ अक्षरशः मिनिटामिनिटाने मांडली. फोन स्वयंपाकघरात, बुटांच्या शेजारी. गजर बंद करायला गेलं की आधी पाणी प्यायचं आणि तिथेच स्टुलावर बसून मोजे चढवायचे. धावायला जायचं की नाही हा प्रश्न मोजे घालून झाल्यावरच स्वतःला विचारायचा. मोजे-बूट घालून परत झोपायला गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मग घाटाचं. त्यांनी एका कार्डावर तीन वाक्यं लिहिली. "चढ सुरू झाला की घड्याळ बघणार नाही, श्वास बघेन." "बोलता येईनासं झालं की पुढच्या विजेच्या खांबापर्यंत चालेन आणि खांबाशी पुन्हा धावायला लागेन." "कुणी मागून पुढे गेलं की खांदे सैल सोडेन." तिसरं वाक्य मला फार आवडतं. कुणी पुढे गेलं की माणूस नकळत आखडतो, वेग वाढवतो आणि पुढच्या चढावर बसतो. काकांना आपला हा स्वभाव नेमका माहीत होता. ही वाक्यं त्यांनी शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा वापरली नाहीत, पावसाळाभर दर रविवारी त्याच घाटात वापरली.

आणखी एक. "डोळे मिटा आणि स्वतःला अंतिम रेषा ओलांडताना बघा" असं सर्रास सांगितलं जातं. मी असं करू नका म्हणते. गॅब्रिएल ओटिंगन यांनी वजन कमी करण्याच्या कार्यक्रमातल्या स्त्रियांचा अभ्यास केला होता, १९९१ साली तो प्रसिद्ध झाला. आपण यशस्वी होऊ अशी रास्त अपेक्षा असलेल्या स्त्रियांचं वजन जास्त उतरलं. पण बारीक झाल्याची गोड गोड चित्रं मनात रंगवणाऱ्यांचं वजन, तशी न रंगवणाऱ्यांच्या तुलनेत, वर्षभरात सुमारे ११ किलो कमी उतरलं. मनाला वाटतं काम झालंच, आणि अंगातला जोर जातो. बघायचंच असेल तर ते अवघड वळण बघा, तिथला भिजलेला रस्ता बघा, आणि तिथे आपण काय करतोय ते बघा.

तुमच्या क्षेत्रात तुम्ही मन कसं तयार करता? अभ्यास, संगीत, खेळ, आजारपणातून उठणं, काहीही चालेल. जमलेलं लिहा, न जमलेलंही लिहा.

---

शास्त्रीरोड | सोमवार, दुपारी १:४०

ताई, अगदी वेळेवर आलाय हा धागा. मी पुण्यात राज्यसेवेची तयारी करतेय. पूर्व निघाली आहे, मुख्यची तयारी सुरू आहे. आता मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यामुळे नुसतं वाचून भागत नाही, लिहावं लागतं. आणि लिहायला बसलं की मन पळतं.

माझ्या अडचणी अशा आहेत.
अभ्यासिकेत सकाळी छान जातं, पण जेवून आल्यावर दुपारचं सत्र पूर्ण वाया जातं. फोन हातात येतो आणि टेलिग्रामवर "कटऑफ किती लागेल" ही चर्चा वाचण्यात तास जातो.
उत्तर लिहायला घेतलं, की "आधी अजून एकदा वाचून घेऊ, मग लिहू" असं होतं.
आणि सगळ्यात वाईट म्हणजे गावाकडून फोन आला की "काय झालं निकालाचं?" त्यानंतर रात्र जाते.

यातल्या तिसऱ्या गोष्टीवरही जर-तर चालेल का?

---

तंबोरा | सोमवार, दुपारी ३:२०

लेख आवडला, पण एका ठिकाणी थांबले. सगळंच आधी ठरवता येतं असं मला वाटत नाही. मी गाणं शिकते आणि शिकवते. रियाजात मन स्थिर होतं ते योजनेमुळे कमी आणि बैठकीमुळे जास्त. तीच जागा, तीच वेळ, तानपुरा लावायचा, खर्जाचे स्वर लावायचे. तानपुरा जुळेपर्यंतच मन अर्धं खाली बसलेलं असतं. सुरुवातीची ती पाच-दहा मिनिटं काही मिळवायचं नसतं, नुसतं ऐकायचं असतं.

मात्र अवघड जागेबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते रियाजातही तंतोतंत खरं आहे. विद्यार्थी काय करतात, तर संपूर्ण तान पुन्हा पुन्हा म्हणतात आणि प्रत्येक वेळी त्याच जागी घसरतात. म्हणजे चुकीचाच रियाज पक्का होत जातो. मी त्यांना थांबवते. जिथे घसरतं ते चार स्वर बाजूला काढायचे, अर्ध्या लयीत म्हणायचे, स्वच्छ झाले की मागचा एक स्वर जोडायचा, मग पुढचा जोडायचा. संपूर्ण तान त्या दिवशी म्हणायचीच नाही. याचा विद्यार्थ्यांना फार कंटाळा येतो, कारण यात गायल्याचा आनंद नसतो. तो कंटाळा सोसायची सवय हीच मोठी तयारी आहे असं मला वाटतं.

अँडर्स एरिक्सन यांनी बर्लिनच्या संगीत विद्यालयातल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा जो अभ्यास १९९३ साली मांडला, त्यातून "दहा हजार तास सराव केला की झालं" एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. त्यातली मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. उत्तम वाजवणारी मुलं एकट्याने, नेमक्या उणिवेवर सराव करत होती, मधे विश्रांती घेत होती आणि दुपारी झोपतही होती. सलग आठ तास बसून राहण्याला रियाज म्हणत नाहीत.

---

करवीरकर | सोमवार, संध्याकाळी ७:०५

माझा भाचा इथे कोल्हापुरात रायफल शूटिंग करतो. स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणल्यापासून आमच्याकडे पोरांची रीघ लागलीय. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा, तेव्हा रेल्वेत टीसी, आणि या प्रकारात भारताचं ऑलिंपिकमधलं पहिलं पदक! अभिमान वाटणारच.

मी भाच्याबरोबर रेंजवर बसून बसून जे बघितलं ते सांगतो. ५० मीटरवरच्या त्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं असतं. एवढं लहान, की श्वास हलला तरी नेम हलतो. त्यामुळे तिथे सगळा खेळ मनाचाच. पण कोच पोरांना "मन एकाग्र कर" असं कधीच म्हणत नाहीत. ते क्रम पाठ करून घेतात. पाय कुठे, कोपर कुठे, गाल बटवर कसा टेकला, श्वास अर्धा सोडला, ट्रिगरचा पहिला दाब. प्रत्येक गोळीला तोच क्रम. आणि नेम धरून ठरलेल्या वेळात गोळी सुटली नाही, तर रायफल खाली घ्यायची. हा नियम आहे. "आता सुटेल, आता सुटेल" करत धरून ठेवलं की हात थरथरतो आणि हमखास आठ लागतो.

घाटवाट ताई, तुमच्या काकांचा विजेचा खांब आणि ही रायफल खाली घेणं, दोन्ही एकच वाटलं मला. माघार नाही, ठरवून घेतलेला श्वास आहे.

खराब गोळी गेल्यावर भाच्याचं ठरलेलं असतं: पडद्यावरचा आकडा एकदा बघायचा, कारण मनात म्हणायचं (श्वास, ट्रिगर की पाय), डोळे मिटून ती गोळी मनातून काढून टाकायची, पुन्हा पायापासून सुरू. स्वतःला शिव्या द्यायला त्या क्रमात जागाच ठेवलेली नाही.

---

प्रश्नचिन्ह | सोमवार, रात्री ९:५०

धागा चांगला आहे, तरीही एक काळजी मांडतो. "मन घडवा, आयुष्य घडेल" या नावाखाली हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवसांची शिबिरं चालतात, हजारो रुपये घेतात आणि शेवटी सगळा दोष माणसाच्या मनावर टाकतात. नोकरी नाही? तुमचं मन कमजोर. शेतीत नुकसान? तुमचे विचार नकारात्मक. हे क्रूर आहे. जागा दोनशे आणि अर्ज लाखोंनी येत असतील, तर मन कितीही तयार असलं तरी बहुतेकांच्या पदरी अपयशच येणार. त्याला मनाची कमतरता कसं म्हणायचं?

लहान मुलांचा तो प्रयोग सगळ्यांना माहीत असेल. स्टॅनफर्डच्या नर्सरीत वॉल्टर मिशेल यांनी मुलांसमोर गोड खाऊ ठेवला आणि थांबलात तर दुप्पट मिळेल असं सांगितलं. थांबणारी मुलं पुढे आयुष्यात जास्त यशस्वी झाली, असं वर्षानुवर्षं ऐकवलं गेलं. २०१८ साली नऊशेहून जास्त मुलांवर तेच पुन्हा तपासलं, तर तो संबंध निम्म्यावर आला, आणि घरची परिस्थिती, आईचं शिक्षण वगैरे लक्षात घेतल्यावर आणखी बराच घटला. ज्या घरात उद्या खाऊ मिळेल याची खात्री नसते, तिथल्या मुलाने आजचा खाल्ला तर ते शहाणपणच आहे.

---

निवृत्त_मास्तर | मंगळवार, सकाळी ६:३०

प्रश्नचिन्ह यांच्याशी सहमत, आणि त्यांच्याच उदाहरणात एक भर घालतो. मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवलं आहे. मिशेल यांच्या मूळ प्रयोगांतला खरा मौल्यवान भाग भविष्यवाणीचा नव्हताच. थांबू शकलेली मुलं थांबली कशी, हा तो भाग. त्यांनी दात-ओठ खाऊन खाऊकडे बघत संयम केला नाही. त्यांनी डोळे झाकले, पाठ फिरवली, गाणी म्हटली, पायाशी खेळत बसली. म्हणजे मोह नजरेआड केला. ती युक्ती शिकवता येते, आणि ती शिकवली की न थांबणारी मुलंही जास्त वेळ थांबत होती.

इच्छाशक्ती पेट्रोलच्या टाकीसारखी असते, वापरली की संपते, ही कल्पनाही १९९८ पासून फार गाजली. २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून जास्त लोकांवर ती तपासली तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. तेव्हा "दिवसभर ऑफिसात सगळी इच्छाशक्ती संपली" हे स्वतःला सांगण्याआधी झोप, भूक आणि कंटाळा यांचा हिशोब करावा.

आता २१ दिवसांचं. या धाग्यावर अजून कुणी लिहिलेलं नाही, पण कुणीतरी लिहीलच. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जननी १९६० साली आपल्या रुग्णांबद्दल लिहिलं होतं, की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला त्यांना किमान २१ दिवस तरी लागतात. "किमान" गळून पडलं, चेहराही गळून पडला आणि "कुठलीही सवय २१ दिवसांत" एवढंच उरलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडून नवी सवय लावायला सांगितली, उदाहरणार्थ न्याहारीनंतर एक पेला पाणी. सवय अंगवळणी पडायला लागलेला काळ निघाला १८ ते २५४ दिवस, मधली किंमत ६६. पाणी पिणं लवकर जमलं, व्यायामाला बराच वेळ लागला.

त्यातला सगळ्यात दिलासा देणारा भाग मात्र कुणी सांगत नाही. एखादा दिवस चुकला तरी सवय घडण्यात फारसा फरक पडला नाही. माझे कितीतरी विद्यार्थी एक दिवस खाडा झाला की "साखळी तुटली" म्हणून सगळंच सोडून देत. खाड्याने नुकसान होत नव्हतं, सोडून देण्याने होत होतं.

गॉलविट्झर यांच्या कामाबद्दल एक पुरवणी. २००६ साली ९४ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हाही जर-तर योजनांचा परिणाम चांगला ठळक दिसला. पण अट एक आहे: ध्येय मनापासूनचं हवं. वडिलांना हवं म्हणून घेतलेल्या ध्येयाला जर-तर जोडून फार काही हाती लागत नाही.

---

घाटवाट | मंगळवार, सकाळी ११:००

सर, खूप खूप धन्यवाद. खाड्याचा मुद्दा मी आजच आमच्या गटावर टाकते.

तंबोरा, तुमची बैठक मला पटली. माझ्या लेखात ती बाजू नव्हतीच. आमच्याकडे घाट चढायच्या आधी सगळे मिळून पायथ्याशी शांतपणे सांधे मोकळे करतात. तो व्यायाम आहे असं मी समजत होते, पण तानपुरा जुळवण्यासारखंच आहे ते.

प्रश्नचिन्ह, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. मी "शर्यत पूर्ण करणं" हे ध्येय का धरते, त्याचं कारण हेच. ते स्वतःच्या हातात असतं. पहिला नंबर दुसरे किती वेगाने धावतात त्यावर ठरतो. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांनी तर हे दोन वेगळे कागद करून भिंतीला लावावेत: माझ्या हातात काय, आयोगाच्या हातात काय.

शास्त्रीरोड, आता तुझ्याकडे वळते.

दुपारचं सत्र: जेवणानंतर वाचायला बसू नकोस. वाचन हे झोपेचं आमंत्रण असतं. त्या सत्रात लिहायचंच काम ठेव. प्रश्न सकाळीच निवडून, कोऱ्या कागदाच्या वर लिहून, तो कागद टेबलावर ठेवून जेवायला जा. परत आल्यावर "काय करू" असा प्रश्न पडायला नको. फोन अभ्यासिकेच्या लॉकरमध्ये किंवा मैत्रिणीकडे दे. सरांनी सांगितलेल्या मुलांनी डोळे झाकले होते, तू फोन झाक.

"आधी वाचून घेऊ": यावर एक प्रयोग माझ्या लक्षात राहिला आहे. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं आणि लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. म्हणजे "अजून एकदा वाचलं की पक्कं होईल" हे वाटणं त्या पाच मिनिटांपुरतं खरं असतं. परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

गावाकडचा फोन: त्यावरही चालेल, फक्त वाक्य तू तयार कर. "निकालाचं विचारलं की मी म्हणेन, आयोगाची तारीख आली की पहिला फोन तुम्हालाच करेन, आणि लगेच तिकडच्या पावसाचं विचारेन." फोन ठेवल्यावर काय करायचं तेही लिहून ठेव. खोलीत एकटी बसू नकोस. मेसच्या मैत्रिणीबरोबर खाली एक फेरी मार.

---

मनमोकळं | मंगळवार, दुपारी ४:१५

मी समुपदेशक आहे. चर्चा छान चालली आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. शास्त्रीरोडसारख्या मुली-मुलांसाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठीही.

मन पळणं, कंटाळा, टाळाटाळ यावर वरचे उपाय उत्तम आहेत. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडालेली असेल किंवा उठवतच नसेल, जेवण जात नसेल, आवडत्या गोष्टीतही रस वाटत नसेल, आपण कुणाला नकोच आहोत असं वाटत असेल, तर तिथे योजना आणि कार्ड पुरे पडत नाहीत. तिथे उपचार लागतात, आणि उपचारांनी बरं वाटतं. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते, मराठीतूनही बोलता येतं. मनात जीव देण्याचे विचार येत असतील तर उद्यावर ढकलू नका, आत्ता फोन करा, किंवा शेजारच्या खोलीतल्या कुणालाही उठवा.

पुण्यातल्या खोल्यांमध्ये राहणारी मुलं एकमेकांना "अभ्यास झाला का" हे रोज विचारतात. "जेवलास का, झोपलास का" हेही विचारत जा.

---

लेक_माहेरची | मंगळवार, रात्री ८:३०

मनमोकळं +१.

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सांधा बदलला आहे. डॉक्टरांनी व्यायाम दिलेत, कागद फ्रिजवर चिकटवलाय. पण "दुखतंय, संध्याकाळी करते" असं म्हणत दिवस जातो. मी मागे लागले की चिडते. आईचं वय ६८. या वयात हे जर-तर कितपत जमेल?

---

हाडवैर_नको | मंगळवार, रात्री १०:१०

मी फिजिओथेरपिस्ट आहे. जमतं, आणि उत्तम जमतं. ब्रिटनमध्ये सांधा बदललेल्या रुग्णांवर असाच अभ्यास झाला होता. ज्यांनी कुठली हालचाल केव्हा आणि कुठे करणार हे लिहून ठेवलं, त्यांनी त्या हालचाली इतरांपेक्षा लवकर सुरू केल्या.

ताई, कागदावर "दिवसातून तीन वेळा" असं लिहिलंय ना? ते खोडा. आई दिवसभरात न चुकता काय करतात ते बघा. सकाळचा चहा, देवपूजा, दुपारची मालिका, रात्रीची गोळी. व्यायाम त्याला बांधा. "चहा प्यायला की कप खाली ठेवून गुडघा ताठ करून दाबेन." "मालिकेत जाहिरात लागली की टाच सरकवत गुडघा वाकवेन." वाक्यं आईंनाच त्यांच्या भाषेत, त्यांच्या अक्षरात लिहू द्या. तुम्ही लिहिलीत तर तो तुमचा हुकूम होतो.

दुखण्यासाठीही एक वाक्य लागेल, कारण दुखणार हे नक्की आहे. डॉक्टरांनी वेदनेची गोळी दिली असेल तर ती व्यायामाच्या किती आधी घ्यायची ते त्यांना विचारून घ्या. आणि आईंना आधीच सांगा: ताण बसल्यासारखं दुखणं चालेल, करून थांबल्यावर ते हळूहळू ओसरतं. अचानक कळ आली, पोटरी सुजली, लाल झाली, गरम लागली, ताप आला, धाप लागली, तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टर. हा फरक माहीत नसला की प्रत्येक दुखण्याची भीती बसते, आणि मग माणूस गुडघा हलवतच नाही. पहिले काही आठवडे वाकणं वाढवण्यासाठी फार मोलाचे असतात, ते घालवू नका.

---

लेक_माहेरची | बुधवार, सकाळी ९:००

मालिकेतल्या जाहिराती! आईच्या मालिकेत जाहिरातीच जास्त असतात, म्हणजे व्यायाम भरपूर होईल. तिला वही दिली आहे, लिहितेय. मनापासून आभार.

---

शास्त्रीरोड | बुधवार, रात्री ९:२०

ताई, सर, सगळ्यांचे आभार. मी लिहिलेलं इथे टाकते, चुकत असेल तर सांगा.

१. जेवायला उठण्याआधी एक प्रश्न कोऱ्या कागदावर लिहून, पेन त्यावर ठेवून जाईन. परत आले की बसल्या बसल्या पहिलं वाक्य लिहीन, चांगलं-वाईट बघणार नाही.
२. उत्तर लिहिताना अडले तर पुस्तक उघडणार नाही. जागा मोकळी सोडेन आणि पुढचा मुद्दा लिहीन. पूर्ण झाल्यावर लाल पेनाने मोकळ्या जागा भरेन.
३. वेळ मिळाला की जुन्या उत्तरांची उजळणी करेन.
४. पप्पांचा फोन आला की त्यांना आधीच सांगेन की अभ्यास चालू आहे, निकालाचं मीच कळवेन. फोन ठेवल्यावर खाली जाईन.

चौथं कालच करून बघितलं. पप्पा म्हणाले, "बरं, मी विचारत नाही, तू जेवत जा वेळेवर."

---

घाटवाट | बुधवार, रात्री १०:०५

पहिलं, दुसरं आणि चौथं उत्तम. दुसऱ्यातला लाल पेन तर मी आमच्या गटातल्या शिक्षिका बाईंना सांगणार आहे.

तिसरं बदल. "वेळ मिळाला की" हा वेळ कधीच मिळत नाही. उजळणी कुठल्या तरी पक्क्या गोष्टीला जोड. सकाळी अभ्यासिकेत जागेवर बसलीस, की बॅगेतून पहिल्यांदा कालचं लाल पेनाचं उत्तर बाहेर येईल, असं काहीतरी. रात्री बॅग भरताना तो कागद सगळ्यात वर ठेव.